पट्टी सांभाळून बेसूर

जुन्या तबकड्या आणि टेपवरचा आवाज डिजिटल फाइलमध्ये उतरवून द्यायचं काम मी करतो. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या बरबँकमध्ये आमचा छोटा स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकं बहुतेक घरगुती. वडील गेले, घर विकायला काढलं, गॅरेजमध्ये खोका सापडला, अशी. खोक्यात ख्रिसमसची गाणी आणि कुणाच्या तरी लग्नातली भाषणं निघतात. त्यामुळे त्या बाईंनी आणलेला खोका उघडला तेव्हा मी जरा सावरून बसलो. आतल्या जवळपास सगळ्या तबकड्या एकाच गायिकेच्या होत्या, जो स्टॅफर्डच्या.

बाईंच्या आईचा ९५वा वाढदिवस येत्या शनिवारी होता आणि तिच्या आवडीची गाणी हॉलमध्ये वाजवायची होती. "फक्त करकर काढा, बाकी कशाला हात लावू नका," एवढीच सूचना. इतकी शहाणी गिऱ्हाइकं क्वचित भेटतात.

त्या काळातल्या अमेरिकन गायकांपैकी आपल्याकडे माहीत असतात ते फ्रँक सिनात्रा आणि नॅट किंग कोल. स्टॅफर्डबाईंचं नाव सहसा कानावर नसतं. मीही इकडे येऊन या धंद्यात पडलो नसतो तर मला ते कळलं नसतं. १९१७ साली कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा या तेलाच्या गावात त्यांचा जन्म झाला. वडील तेलाच्या विहिरींवर कामाला, आई बॅन्जो वाजवणारी, त्यामुळे टेनेसीच्या डोंगराळ भागातली लोकगीतं घरातच होती. शाळेत असताना ऑपेरा गायचा म्हणून पाचेक वर्षं रीतसर शास्त्रीय तालीम घेतली. पण मंदीचे दिवस होते, ऑपेरावर घर कसं चालणार? दोघी थोरल्या बहिणींबरोबर त्या रेडिओवर गाऊ लागल्या. ऑपेरा राहून गेला, श्वास मात्र त्या तालमीचाच राहिला.

खोक्याच्या तळाशी टॉमी डॉर्सी बँडची १९४० सालची तबकडी होती, 'आय'ल नेव्हर स्माइल अगेन'. संगीत व्यवसायाचं साप्ताहिक असलेल्या बिलबोर्डने त्या जुलैमध्ये खपाची पहिली देशव्यापी यादी छापली, तेव्हा हे गाणं पहिल्या नंबरावर होतं आणि तिथे बारा आठवडे राहिलं. नाव झालं सिनात्राचं. पण त्याच्यामागे जो मऊ, एकजीव झालेला चौघांचा आवाज आहे तो पाइड पायपर्सचा, आणि त्यातली एकटी बाई म्हणजे जो स्टॅफर्ड. हेडफोन लावून ऐकलं तर तिचा सूर बाकीच्या तिघांना धरून ठेवतो हे लगेच कळतं. १९४२ च्या अखेरीस डॉर्सीने रेल्वे स्टेशनवर रागाच्या भरात चौघांतल्या एकाला काढून टाकलं, तर चौघंही निघून गेले. पुढे गीतकार जॉनी मर्सरने आपल्या नव्याकोऱ्या कॅपिटल कंपनीत त्यांना घेतलं आणि १९४४ पासून त्या एकट्या गाऊ लागल्या.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला एका व्ही-डिस्कवर. या तबकड्या दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने फक्त जवानांसाठी काढल्या. १९४२ ते ४४ वादकांच्या संघटनेचा संप चालू होता, बाजारासाठी ध्वनिमुद्रण ठप्प होतं, पण सैनिकांसाठी बिनमोबदला वाजवायला संघटनेने परवानगी दिली. अट एकच होती. हा माल बाजारात येता कामा नये. युद्ध संपल्यावर सैन्याने तबकड्या नष्ट करायला घेतल्या, आणि परतणाऱ्या जवानांनी शक्य तितक्या पिशव्यांत लपवून घरी आणल्या. बाईंचे वडील पॅसिफिकमध्ये नौदलात होते म्हणे, तेव्हा ही तबकडी कॅलिफोर्नियाच्या गॅरेजमध्ये कशी पोचली हे विचारायची गरज नव्हती. या जवानांनीच स्टॅफर्डबाईंना 'जी. आय. जो' असं नाव दिलं होतं; जी. आय. म्हणजे साधा अमेरिकन शिपाई. जवानांच्या पत्रांना त्या स्वतः उत्तरं लिहीत. दुःखी गाणं गातानाही त्या रडत नाहीत. सरळ, स्वच्छ आवाजात सांगतात, हुंदका ऐकणाऱ्यावर सोपवतात. घरापासून हजारो मैलांवर बसलेल्या पोराला ते जास्त लागलं असणार.

मग वरचा थर, म्हणजे १९५० नंतर कोलंबिया कंपनीकडे गेल्यावरचा. 'यू बिलाँग टू मी' १९५२ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. ब्रिटनमध्ये विक्रीची यादी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. १९५३ च्या जानेवारीत तिच्या डोक्यावर पोचणारी ही पहिली स्त्री. त्याच खोक्यात अमेरिकन लोकगीतांचा संच होता, गॉर्डन मॅक्रेबरोबरची भक्तिगीतं होती, फ्रँकी लेनबरोबरचा खेडवळ धिंगाणा होता, आणि जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधले वादक सोबत घेऊन केलेली 'जो प्लस जॅझ' ही १९६० ची एलपी होती. एकाच गळ्याने इतकी घरं फिरून यावीत आणि कुठेही पाहुणी वाटू नये! आपल्याकडे याला अष्टपैलू म्हणून मोकळं होतात. मला कौतुक याचं की प्रत्येक ठिकाणी त्या स्वतःला थोडं पुसून टाकतात. ज्यांना ठसठशीत 'मी' लागतो त्यांना त्यांचं गाणं थंड वाटतं. वाटू दे.

तबकड्या धुतल्या, सुया बदलत वाजवल्या. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची खाच रुंद, तिला इंचाच्या सुमारे तीन हजारांश टोकाची सुई लागते, एलपीला एक हजारांश. नमुन्याच्या फाइली बाईंना पाठवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बाकी सगळं सुंदर आहे हो. पण शेवटची एलपी खराब झालीय. आवाज वर-खाली होतोय. वेग दुरुस्त करता येईल का? जास्तीचे पैसे देईन."

ती एलपी माझ्या तरुण सहकाऱ्याने उतरवली होती. वरचं पुठ्ठ्याचं आवरण हरवलेलं, साध्या कागदी पिशवीतली तबकडी. लेबलवर नावं होती जोनाथन आणि डार्लिन एडवर्ड्स. मी फाइल लावली. 'आय लव्ह पॅरिस'. पियानो सुरू झाला, एक लांबलचक तान वर चढली आणि भलत्याच सुरावर जाऊन आपटली. मग बाई गायला लागल्या. मी मिरजेत वाढलो, तंतुवाद्यांच्या दुकानांशेजारी. जवारी लावताना तार केसभर उतरली तरी आमच्या गल्लीतली पोरं खेळता खेळता तोंड वाकडं करायची. हे तर केसभर नव्हतं, चांगलं दोराएवढं होतं.

सहकारी म्हणाला, "भोक मध्यावर नसेल. मी वेग दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरला लावलं, पण त्याला काही सापडत नाहीये."

त्याला सापडणार नव्हतंच. तबकडीचं भोक सरकलेलं असेल तर आवाज दर फेऱ्याला एकदा हेलकावतो. मिनिटाला साडेतेहतीसपेक्षा किंचित कमी फेरे घेणाऱ्या एलपीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे हेलकावाही तेवढ्याच अंतराने नेमाने यायला हवा. इथे काही नेम नव्हता. आणि मुख्य म्हणजे वेग बिघडला तर सगळंच सरकतं, गळाही आणि वाद्यंही. मी पियानोचा एक लांब धरलेला सूर पडद्यावर मोठा करून पाहिला. रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. त्याच क्षणी वरची गळ्याची रेघ मात्र त्याच्यापासून सुटलेली, दोन सुरांच्या मधल्या बेवारस जागेत. आणि तिथे ती थरथरत नव्हती. जो कणसुरा लागतो त्याचा सूर डगमगतो, शोधत राहतो, कधी चुकून बरोबरही येतो. या बाई चुकीच्या जागी जाऊन अगदी निश्चिंत बसल्या होत्या. पुढचा सूर पुन्हा तितक्याच ठामपणे चुकीचा. एवढी चूक करायला बरोबर जागा कुठे आहे हे पक्कं ठाऊक असावं लागतं.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी 'जो प्लस जॅझ'ची फाइल शेजारी लावली आणि दोन्हीकडचे स्वर आलटून पालटून ऐकले. श्वास घेण्याची पद्धत तीच. डार्लिन एडवर्ड्स म्हणजे जो स्टॅफर्ड.

ही भानगड १९५७ ची. स्टॅफर्डबाईंचे नवरे पॉल वेस्टन हे मोठे संगीत संयोजक. पार्ट्यांमध्ये ते हॉटेलातल्या सुमार पियानोवाल्याची नक्कल करत. मात्रा खाणं, मध्येच एखादी जास्तीची घालणं, तान घेताना घसरणं. कोलंबियाच्या लोकांनी ती नक्कल एका विक्री मेळाव्यात ऐकली आणि पूर्ण रेकॉर्ड काढायचा आग्रह धरला. वेस्टनना वाटलं, एकट्याने एवढा वेळ खेचता येणार नाही, म्हणून त्यांनी बायकोला गायला लावलं. जोनाथन एडवर्ड्स हे नाव अठराव्या शतकातल्या एका कडक धर्मोपदेशकाचं, ते मुद्दाम दिलं. पहिल्या एलपीच्या आवरणावर पियानोवरचे दोन हात आहेत, आणि नीट पाहिलं तर दोन्ही पंजे एकाच बाजूचे. कलाकार खरे कोण हे कंपनीने लपवलं, तेव्हा लोकांनी तर्क लढवले. माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन आणि त्यांची मुलगी असतील, इथपर्यंत. ट्रुमन पियानो वाजवत, मुलगी गात असे आणि समीक्षकांचा मार खात असे, त्यामुळे तर्क अगदीच हवेत नव्हता. शेवटी त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाने बिंग फोडलं.

अशा उचापतीची स्टॅफर्डबाईंना सवय होती. १९४७ मध्ये एका विनोदी बँडची गायिका येऊ शकली नाही, तर या सहज तिच्या जागी उभ्या राहिल्या आणि ठार गावंढळ आवाजात गाऊन गेल्या. तबकडीवर नाव पडलं 'सिंड्रेला जी. स्टम्प'. रेकॉर्ड तुफान खपली. त्यांनी रॉयल्टी सोडून नुसती ठरावीक मजुरी घेतली होती. आमच्या धंद्यातली माणसं हा किस्सा ऐकून अजून कपाळावर हात मारतात.

आमच्या हातातली एलपी होती एडवर्ड्स दांपत्याची पॅरिसवारी, १९६० ची. तिला १९६१ मध्ये विनोदी संगीताचं ग्रॅमी मिळालं. जो स्टॅफर्डच्या वाट्याला आलेलं हे एकमेव ग्रॅमी. आयुष्यभर सुरात गायलेल्या बाईला बेसूर गायल्याबद्दल बक्षीस, तेही ज्या संस्थेच्या संस्थापकांत तिचा नवरा होता त्या संस्थेकडून. मला यात अन्याय दिसत नाही. परीक्षकांचे कान शाबूत होते असंच मी म्हणेन.

हे सगळं मी सांगत असताना सहकाऱ्याच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. हल्लीच्या साधनांनी मिश्रणातून गळा वेगळा काढता येतो. त्याने तो काढला, सूर सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि एकेक स्वर ओढून पट्टीवर बसवला. "आता बघ, जो स्टॅफर्ड बाहेर येईल." आम्ही ऐकलं. सूर सगळे बरोबर होते. जो स्टॅफर्ड मात्र आली नव्हती. शब्द भलत्या मात्रेवर पडत होते, स्वरांकडे जाताना घेतलेली वळणं चुकीच्या मुक्कामासाठी आखलेली होती, त्यामुळे बरोबर मुक्कामी पोचल्यावर ती केविलवाणी वाटत होती. कुणीतरी बेताची हौशी बाई गात असावी, इतकंच.

फोनवर पटवण्यापेक्षा मी त्या गिऱ्हाईक बाईंना, म्हणजे आजींच्या मुलीला, स्टुडिओतच बोलावलं. ती आली, तर सोबत चाकाच्या खुर्चीत आजीबाईही. वाढदिवसाचं गुपित घरात केव्हाच फुटलं होतं. मी मूळ फाइल लावली. पियानो घसरला तसे आजींचे खांदे हलायला लागले, आणि गाणं सुरू झाल्यावर त्या डोळे पुसत हसत सुटल्या. मुलगी गोंधळून माझ्याकडे बघतेय.

"तुझे बाबा," आजी म्हणाल्या, "पाहुणे रात्री उशिरापर्यंत उठायचं नाव घेत नसले की ही लावायचे. दुसरी बाजू कधी लावावीच लागली नाही."

मुलगी म्हणाली, "आई, मला वाटलं रेकॉर्ड बिघडलीय!"

"शेजारच्यांनाही तेच वाटायचं."

सहकाऱ्याला राहवलं नाही, त्याने आपली सुधारलेली आवृत्ती ऐकवली. आजींनी दोन ओळी ऐकल्या, हात वर करून थांबवलं.

"ही कोण?"

त्याने फाइल तिथल्या तिथे पुसून टाकली. आजींनी मग डार्लिनची पुढची हकीकतही सांगितली. जो स्टॅफर्ड साठच्या दशकाच्या मध्यापासून गाणं आवरत गेल्या, डार्लिन मात्र १९७९ मध्ये बी जीज्‌चं डिस्को गाणं बेसूर करायला पुन्हा हजर झाली. ती तबकडी आजींनी मैत्रिणीला दिली होती आणि परत मिळाली नव्हती. तेवढा राग अजून ताजा होता. २००८ मध्ये जो नव्वदाव्या वर्षी गेल्या, त्या दिवशी रेडिओवर फक्त सुरातली गाणी लावली, हीही त्यांची तक्रार.

बिलावर मुलीने आधीच लिहायला लावलेली 'वेग दुरुस्ती'ची ओळ मी खोडली. शनिवारच्या यादीचा क्रम आजींनी स्वतः सांगितला. सुरुवात डॉर्सीपासून, जेवताना लोकगीतं, केक कापताना 'यू बिलाँग टू मी', आणि सगळ्यांत शेवटी, हॉल रिकामा करायची वेळ झाली की, डार्लिन. कुणालाही आधी काही सांगायचं नाही, ही अट.