नियर मिसच्या फॉर्ममधला एक रकाना

कंपनीत 'गुणवत्ता आणि सुरक्षिततेबद्दल जागरूकता' हे काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा सगळ्यांनी बजावलं होतं, की कामगार ऐकणार नाहीत. कामगारांनी ऐकलं. अडकलो ते एका छापील फॉर्ममधल्या एका रकान्यावर, आणि तो काढायला जेवढा घाम गाळला तेवढा बाकी सगळ्या कामात मिळून गाळला नाही. राग अजून उतरलेला नाही. कुणाच्या वाट्याला हेच काम आलं असेल तर वाचून ठेवा.

आधीचं भराभर सांगतो. ट्रेनिंग हॉलमधली स्लाइडवाली भाषणं बंद केली. शिफ्ट सुरू होताना मशीनपाशीच उभ्याउभ्या पाच-सात मिनिटं बोलायचं आणि एका दिवशी एकच विषय घ्यायचा. यालाच टूलबॉक्स टॉक म्हणतात आणि तो चालतो, फक्त बोलणारा त्याच लाइनवरचा हवा.

गुणवत्तेच्या बाजूने एक गोष्ट लवकर कळली. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकातलं ७.३ हे कलम जागरूकतेचं. क्वालिटी पॉलिसी, उद्दिष्टं, त्यात आपला वाटा आणि काम ठरल्याप्रमाणे झालं नाही तर काय होतं, एवढं माणसाला माहीत असावं असं ते म्हणतं. बहुतेक ठिकाणी पहिलं तेवढं पाठ करून घेतात आणि शेवटचं सोडून देतात. मी शेवटचंच धरलं. आमच्याकडे एका खाचेतली बर, म्हणजे धातू कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर, काढायचा टप्पा सगळे उरकल्यासारखा करायचे. गळती लागून परत आलेला भाग आणि त्यातली ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी, मी ऑपरेटरच्या हातात दिली. त्याने ती अंगठ्यावर ताणली तशी केसाएवढी चीर उघडली. "हे आपल्या बरने?" एवढंच म्हणाला. त्या खाचेबद्दल पुन्हा बोलायची वेळ आली नाही.

आता तो फॉर्म.

अपघात होता होता टळला की त्याची नोंद करायचा, म्हणजे नियर मिसचा फॉर्म. दोन पानी. वर कळवणाऱ्याचं नाव, टोकन नंबर, विभाग, सही. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत 'जबाबदार व्यक्तीचे नाव'. भरलेले फॉर्म टाकायची पेटी कायम रिकामी, आणि दर महिन्याच्या बैठकीत रिकाम्या पेटीचं कौतुक: आपल्याकडे नियर मिस होतच नाहीत! फोरमनला बाजूला घेऊन विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, नाव लिहून उद्या त्याच्याच शेजारी उभं राहायचंय मला."

मी म्हटलं, रकाना काढू. कळवणाऱ्याचं नावही ऐच्छिक करू. यात अवघड काय आहे?

कंपनीचे फॉर्म आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या डॉक्युमेंट कंट्रोल विभागाने सांगितलं, बदलाची विनंती भरा. भरली. रिव्हिजन नंबर लिहिला नाही म्हणून परत. तो नंबर तेच देतात, मी कुठून लिहू? दुसऱ्यांदा 'बदलाचे कारण' चौकटीबाहेर गेलं म्हणून परत. मग सगळ्या विभागप्रमुखांच्या सह्या. फाइल कॅरमच्या सोंगटीसारखी या टेबलावरून त्या टेबलावर आपटत राहिली. एक साहेब म्हणाले, ऑडिटर विचारेल. दुसरे म्हणाले, आधी ऑडिट होऊन जाऊ दे. एच.आर.चा प्रश्न सगळ्यांत खरा होता: "नाव नसेल तर कारवाई कुणावर करायची?" तेच तर थांबवायचं होतं, पण हे तोंडावर म्हटल्याने सही मिळत नाही.

सही मिळाली ती उलटा प्रश्न केल्यावर. मी प्रत्येकाला लेखी विचारलं, हा रकाना कुठल्या कलमाखाली लागतो ते कळवा. कुणीच कळवलं नाही, कारण तसं कलम नाही. उलट आयएसओ ४५००१:२०१८ या कामाच्या जागच्या सुरक्षिततेच्या मानकाच्या ५.१ मध्ये घटना, धोके कळवणाऱ्या कामगारांना सूडाच्या कारवाईपासून जपणं ही वरिष्ठ व्यवस्थापनाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. त्याच मानकाच्या ७.३ प्रमाणे जिवावर बेतणारा धोका दिसला तर काम सोडून बाजूला होता येतं आणि त्याबद्दल त्रास होणार नाही, हेही कामगाराला माहीत असायला हवं. दोन्ही उतारे जोडले. सोबत विमान वाहतुकीचं उदाहरण दिलं. अमेरिकेत १९७६ पासून नासा वैमानिकांचे आणि इतरांचे असे अहवाल घेते आणि ओळख पटेल असा तपशील काढूनच ते पुढे वापरते. विमानांना जे चालतं ते पत्रा दाबून आकार देणाऱ्या आपल्या प्रेस शॉपला का चालू नये, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

मंजुरी आली. मग स्टोअर म्हणालं, जुनी पॅड संपेपर्यंत नवी छापणार नाही. शेवटी पट्टी आणि पेन घेऊन मी स्वतः रकाने खोडत बसलो. करा, लाज वाटू देऊ नका.

पहिल्या चिठ्ठ्या पंखा, दिवा आणि ओल्या फरशीबद्दल आल्या. 'हे काय नियर मिस आहेत का' म्हणून बाजूला टाकू नका. आधी तीच कामं करून बोर्डावर लिहा. माणसं आपल्याला जोखत असतात. मग एक दिवस बिननावाची चिठ्ठी आली: प्रेसचं एक बटण लाकडाची खुंटी ठोकून दाबून ठेवतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणून तर दोन बटणं. खुंटी का, तर पत्रा जागेवर राहत नव्हता, एक हात तो धरण्यात जायचा. पत्रा धरायला लोहचुंबकाचा आधार बसवला आणि खुंटी गेली. जुन्या फॉर्मवर एक नाव आलं असतं, त्याला मेमो मिळाला असता आणि खुंटी दुसऱ्या शिफ्टला परत लागली असती.

राहिलेलं, आठवेल तसं. माणशी इतक्या नोंदी हव्यात असं टार्गेट लावू नका, लोक घरबसल्या लिहून आणतात. ३०० किरकोळ घटनांमागे २९ छोट्या इजा आणि एक मोठी, असा हाइनरिशचा त्रिकोण पोस्टरवर असतो. तो १९३१ चा आहे आणि त्यातल्या आकड्यांवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. नियर मिस मोजायचे नसतात, वाचायचे असतात. कंत्राटी कामगार आणि रात्रपाळी सगळ्यात शेवटी आठवतात, त्यांच्यापासून सुरू करा. ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकावरची सही म्हणजे समजलं असं नाही. आठवड्याने त्या माणसाला मशीनवर करून दाखवायला सांगा. आणि लाइन थांबवणाऱ्याला पहिल्या वेळी सुपरवायझर काय बोलतो हे सगळा विभाग कान देऊन ऐकत असतो, तेव्हा त्या सुपरवायझरशी आधीच बोलून ठेवा.

पेटीची किल्लीही बघा. सुपरवायझरकडे असेल तर रकाना काढूनही उपयोग नाही, अक्षर ओळखतात. आमच्याकडे ती कामगारांनी निवडलेल्या एकाकडे असते, आणि तो चिठ्ठ्यांवरचा मजकूर उतरवून मूळ कागद फाडतो. आता एच.आर.ने त्या किल्लीची एक प्रत मागितली आहे. कुठल्या कलमाखाली, असं मी मेलवर विचारलंय. उत्तर यायचंय.