फियाटला करवत नको

४ नोव्हेंबर

फियाट आज गॅरेजमधून परत येणार म्हणून चहा लवकर उरकून फाटकाशी जाऊन उभा राहिलो. गाडी आली नाही, उस्तादांचा फोन आला. "साहेब, एकदा येऊन बघून जा, मग काय ते ठरवा."

गेलो. गाडी स्टँडवर, चारही चाकं बाजूला, ड्रम उघडे. मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरमधून ब्रेक ऑइल झिरपून ड्रमला घासणारे लायनर पार भिजलेले. गेल्या महिन्यात कात्रजचा जुना घाट उतरताना पॅडल दोनदा मारावं लागलं होतं, त्याचं मूळ हे. ती गोष्ट मी घरी सांगितलेली नाही. इथे लिहितोय तेवढीच.

१९७१ची गाडी. चारही ब्रेक एकाच लाइनवर. कुठलाही एक पाइप फुटला की चारही गेले. उस्ताद म्हणाले, "आता उघडलीच आहे, तर सांगा. जशी होती तशी करू, की नवीन काही टाकू?" मी म्हटलं, दोन दिवस द्या. पंधरावा दिवस उजाडला तरी मी दोनच दिवस मागेन, हे त्यांनाही माहीत असावं.

७ नोव्हेंबर

लेकीला फोन केला. ती बॅटऱ्यांच्या कामात आहे, त्यामुळे उत्तर आधीच माहीत होतं. "बाबा, इंजिन काढा, मोटर टाका. तुमचा चोक नको, कार्बोरेटर नको, घाटात पंपावर ओलं फडकं नको."

ते फडकं तिने पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय. मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी चढलो की पेट्रोल इंजिनाजवळच्या पंपातच उकळायचं, गाडी आचके देऊन थांबायची. मग नाना, म्हणजे आमचे वडील, बॉनेट उघडून पंपावर ओला पंचा टाकायचे आणि आम्ही भावंडं दगडावर बसून काकडी खायचो. प्रवासाचं तेवढंच एक स्टेशन माझ्या लक्षात आहे.

मी तिला म्हटलं, ते १०८९ सीसीचं इंजिन काढलं तर उरेल काय? पत्रा. ती म्हणाली, "मंजूर झालेलं किट घेऊन रीतसर करता येतं, आरटीओत नोंद होते." तेही खरं. मग म्हणाली, "तुम्हाला गाडी चालवायची आहे की बघायची आहे?" फोन ठेवल्यावरही हा प्रश्न काही गेला नाही.

८ नोव्हेंबर

मेहुणा आला. तो दुसऱ्या टोकाचा. त्याच्या मते नट-बोल्टसुद्धा कारखान्यातून निघाले तसेच हवेत. रॅलीत परीक्षक होजच्या, म्हणजे रबरी नळ्यांच्या, क्लिपा वाकून बघतात म्हणे. बघोत बापडे.

त्याने मला २०२१चे व्हिंटेज वाहनांचे नियम वाचून दाखवले. पन्नास वर्षांवरची गाडी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली. आपली बसते. मीही खुश झालो. पण पुढचं त्याने वाचलंच नाही, ते मी वाचलं: अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे गाडी सरकारदरबारी जुनी ठरली की मंडईत न्यायची सोय संपली. साधी नोंदणी ठेवली तर दर पाच वर्षांनी तपासणी आणि वर पर्यावरण कर, पण आईला घेऊन वाईला जाता येतं.

मेहुण्याला म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "किंमत पडेल." विकायची आहे कुणाला!

११ नोव्हेंबर

नाना पेठेत गेलो होतो. किंगपिनचा, म्हणजे पुढची चाकं ज्या खिळींवर वळतात त्यांचा, सेट हवा होता. तीन दुकानं फिरलो. एकाकडे मिळाला, पण दुकानदाराने तो अशा बेताने काउंटरवर ठेवला की मी भाव विचारायच्या आधीच भाव कळावा. "आता माल येत नाही. टॅक्स्या गेल्या ना."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आमच्यासारख्या हौशी लोकांमुळे फियाट जगली असं आम्ही समजत होतो. ती जगली मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे. त्या रोज झिजायच्या, म्हणून रोज पार्ट बनायचे, आणि त्या गंगेत आम्ही हात धुऊन घेत होतो. शेवटची पद्मिनी (फियाटचंच पुढचं नाव) टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्याने तर गाडी बनवणं त्याआधीच थांबवलं होतं. तेव्हा 'सगळं ओरिजिनल ठेवू' म्हणणं सोपं. ओरिजिनल आणायचं कुठून?

आणि पेट्रोल तरी कुठे ओरिजिनल राहिलंय? वीस टक्के इथेनॉल. उस्तादांनी मला जुनी रबरी नळी दाखवली, बोटाने दाबली तर साबणासारखी मऊ. नळ्या आणि पंपाचा पडदा आजच्या पेट्रोलला चालणारे टाकावेच लागणार. त्यात वादच नाही.

१४ नोव्हेंबर

आरसी बुक काढलं. रंगाच्या रकान्यात फिकट निळा, त्यावर काट, शेजारी क्रीम, आरटीओचा शिक्का, १९८६. मला आठवते तेव्हापासून गाडी क्रीमच आहे. नानांनी ती १९८३ साली जुनीच घेतली होती. दाराचं रबर नखाने सोलून पाहिलं तर आत खरंच निळा. मेहुणा ज्याला ओरिजिनल म्हणतो ती निळी गाडी मी जन्मात पाहिलेली नाही.

बरं, कंपनीने तरी काय केलं? आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. नाव बदललं, आतलं हळूहळू बदलत राहिलं.

आईला विचारलं, रंग का बदलला? ती म्हणाली, "निळ्यावर धूळ दिसायची." मग थोडं थांबून, "माळ्यावर डबा आहे बघ त्यांचा."

१५ नोव्हेंबर

डबा म्हणजे बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. आत नानांनी गाडीतून वेळोवेळी काढलेली एकेक वस्तू, ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर चिठ्ठी. 'हॉर्न. काढला ता. १२-५-८६. चालू आहे.' 'आरसा, डावा. काढला ता. ३-१-८८.' जुना कटआउटसुद्धा, बॅटरीच्या चार्जिंगचा स्विच तो. म्हणजे आमचे वडील बिनधास्त बदल करत होते आणि काढलेलं एकही टाकत नव्हते. स्वभावाने कारकून.

तळाशी पत्र्याचा एक चौकोनी तुकडा. कडा खरबरीत, एका बाजूने निळा. हातात घेतला आणि लगेच कळलं. कॅसेट प्लेअरसाठी डॅशबोर्ड कापला होता, तो भाग. त्यावर चिठ्ठी नाही.

आईने तुकडा उलटसुलट करून पाहिला. "कापल्यावर दोन दिवस नीट जेवले नव्हते," म्हणाली. "प्लेअर लावला, पण गाणी मीच ऐकायची."

१६ नोव्हेंबर

सकाळीच उस्तादांकडे गेलो. म्हटलं, स्पॅनरने जे बसेल आणि स्पॅनरने जे निघेल ते करा. करवत किंवा वेल्डिंग लागणार असेल ते नको. ते हसले. "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर गाडी घरी असती."

डिस्क ब्रेक बाद, कारण पुढचं बरंच कापाकापीत जातं. ड्रमच राहणार, सिलिंडर, होज, लायनर सगळे नवे. दुहेरी लाइनचा मास्टर सिलिंडर (एक लाइन गेली तरी दुसरी राहते) वेगळ्या ब्रॅकेटवर बसतो, तो घेतला. वीज बनवणाऱ्या जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे सिग्नलला थांबल्यावर दिवे मेणबत्तीसारखे होणार नाहीत. पुढच्या सीटला पट्टे. लेकीने सुचवलेल्या दोन सुट्या सीट नकोत. सलग सीटवर मध्ये कोण बसायचं यावर आम्ही भावंडं भांडलेली आहोत. स्टिअरिंगवरचा हँडगिअर तसाच. डॅशबोर्डचं भोक मात्र बुजवायचं नाही, असं मी सांगितलं, आणि का ते मला नीट सांगता आलं नाही. उस्तादांनी विचारलंही नाही.

२३ नोव्हेंबर

गाडी आली. ब्रेक एका दाबात. संध्याकाळी डायनामो ग्रीस लावून गुंडाळला आणि डब्यात ठेवला. झाकण जेमतेम लागलं. चिठ्ठी लिहिली, 'डायनामो. काढला. चालू आहे.'

आईने चष्मा लावून वाचली आणि माझ्याकडे परत दिली.

"तारीख?"