डंपरची सीट, खाणीचा रस्ता आणि कंपनाची मोजणी : माझा अनुभव

आमच्या खाणीवर डंपरचे ड्रायव्हर टिकत नव्हते. दिवाळीला गावी गेलेला माणूस परत यायचा तो दुसऱ्याच्या गाडीवर. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, कंबर गेली." नाशिकला २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघालेली, रस्ते-पूल-घाट सगळीकडे खडी हवी, त्यामुळे चांगल्या ड्रायव्हरला कामाचा तोटा नाही. मी तिथे सेफ्टी ऑफिसर. हेल्मेट, ब्लास्टिंगचा भोंगा, मशीनचा रिव्हर्स हॉर्न यावर माझी नजर असते. कंबर माझ्या कुठल्याच चेकलिस्टमध्ये नव्हती.

डंपरच्या सीटमधून कमरेला बसणारं कंपन मोजून घेऊ, असं मी मालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कंबर माझीपण दुखते." साहेब, तुमची एसी गाडीत दुखते, हे मी मनातच ठेवलं. जर्मनीत बसून लागणाऱ्या कंपनांमुळे होणारा कमरेच्या मणक्याचा विकार १९९३ पासून व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, हेही सांगून पाहिलं. "मग जर्मनीत जा," झालं. शेवटी ड्रायव्हरअभावी उभ्या राहिलेल्या डंपरचा बँकेचा हप्ता कागदावर मांडून दाखवला, तेव्हा कुठे होकार आला.

पुण्याची एक खासगी एजन्सी मिळाली. फोनवर मी एकच अट घातली, की गाडी उभी करून इंजिन चालू ठेवून मोजायचं नाही. खाणीतून क्रशरपर्यंत (दगड फोडून खडी करणाऱ्या यंत्रापर्यंत) भरलेली खेप आणि रिकामं परत येणं, दोन्ही धरायचं. काही जण उभ्या गाडीवर रीडिंग घेऊन रिपोर्ट देतात, त्याचा उपयोग फक्त फाइल जाड करायला.

मोजणीचं यंत्र म्हणजे भाकरीएवढी रबरी चकती. तिच्या पोटात तीन दिशांचे सेन्सर असतात: पुढे-मागे, डावी-उजवी आणि वर-खाली. ती सीटवर टेपने चिकटवायची आणि ड्रायव्हरने तिच्यावरच बसायचं. आयएसओ २६३१ या मानकाप्रमाणे आडव्या दोन दिशांच्या आकड्यांना १.४ ने गुणतात आणि तिन्हींतला जो मोठा निघेल तो धरतात. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या वर-खाली हादऱ्यांना सगळ्यात जास्त साथ देतं, आणि खराब रस्त्यावरच्या गाडीचे हादरे नेमके त्याच्याच आसपास असतात.

पहिल्या गाडीवर सिन्नरकडचे एक मामा होते, आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांच्या सीटवर घडी घातलेली गोधडी, ती काढायला तयार नाहीत. "हिच्यामुळंच तर टिकलोय." मग गोधडीसकट आणि गोधडीशिवाय अशा दोन्ही फेऱ्या मोजल्या. आकड्यात फरक जवळजवळ नाहीच. बुडाला मऊ लागतं हे खरं, पण मणक्याला बसणारा धक्का तेवढाच. शिवाय गोधडीमुळे माणूस वर उचलला जातो, पाय पेडलवर नीट टेकत नाहीत आणि पाठ मागच्या टेक्यापासून सुटते.

एजन्सीच्या पोराने सीटच्या बाजूची वजनाची नॉब बघितली. ती शंभराच्याही पुढे लावलेली, आणि मामा जेमतेम साठ किलोचे. म्हणजे स्प्रिंग त्यांच्यासाठी कडक, दबतच नव्हती. ही नॉब कशासाठी असते हे तिथल्या एकाही ड्रायव्हरला कुणी सांगितलेलं नव्हतं. मेकॅनिकने सीट उचलली तर खालचा रबरी भाता फाटलेला, आत दगडाची पूड सिमेंटसारखी बसलेली. त्यातून एक नट, तंबाखूची पुडी आणि दहाचं नाणं निघालं. नाणं मामांनी लगेच खिशात घातलं. दुसऱ्या एका डंपरच्या सीटचा डॅम्पर, म्हणजे हादरा जिरवणारा तेलाचा भाग, गळून कोरडा झाला होता. ती सीट खड्ड्यात थेट तळाला जाऊन आपटायची.

रिपोर्ट आला. युरोपच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या दिवसाला कंपनाचा जोर ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग हा आकडा ओलांडून गेला की उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या वर काम करूच द्यायचं नाही, असं आहे. एजन्सीने हेच आकडे धरले होते. आमचा रिकामा डंपर परत येताना १ च्या आसपास निघाला. ड्रायव्हर दिवसभर तेवढाच हादरत राहिला तर दिवसाचा ०.५ चा आकडा दोन तासांतच गाठला जातो, आणि आमची शिफ्ट दहा तासांची. भरलेली गाडी त्यापेक्षा शांत होती. मालकांना हे उलटं वाटलं. पण वजन असलं की स्प्रिंगा नीट दबतात आणि ड्रायव्हरही सावकाश हाकतो. रिकामी गाडी तो पळवतो.

का पळवतो? भत्ता खेपेवर आहे म्हणून. सगळ्या प्रकरणाचं मूळ मला इथे दिसलं. सीट दुरुस्त करा, गोधडी काढा, नॉब फिरवा, सगळं बरोबर. पण काळ्या पाषाणाचे तुकडे पडलेल्या रस्त्यावरून माणूस खेपेच्या हिशेबात गाडी हाणणार असेल तर सीट किती धक्के खाणार?

मग रस्त्यावर काम सुरू केलं. सकाळची शिफ्ट लागायच्या आधी ग्रेडर (रस्ता सपाट करणारं मशीन) फिरतो, सांडलेले दगड उचलले जातात, पाण्याचा टँकर मागून येतो. क्रशरच्या वळणावरचा खड्डा दर पावसानंतर परत पडायचा, कारण पाणी जायला चारीच नव्हती. ती काढली. फुटलेले आरसे बदलले. वास्तविक हे आरशांचं काम सगळ्यात स्वस्त होतं. आरसा नसला की रिव्हर्स घेताना माणूस कमरेतून पूर्ण वळतो, आणि वळलेल्या कमरेला बसलेला हादरा सरळ बसलेल्यापेक्षा वाईट. केबिनमधून उडी न मारता शिडीने, तोंड गाडीकडे ठेवून उतरायचं, हेही सांगितलं. हे मात्र पोरं अजून ऐकत नाहीत.

मामांच्या डाव्या पायाला मुंग्या यायच्या म्हणून त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी आडवं झोपवून पाय सरळ वर उचलला. थोडा उचलताच मामा ओरडले. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. ऑपरेशन नको, व्यायाम करा आणि गाडी थांबवा, असं सांगितलं. गाडी थांबली तर भत्ता थांबतो, म्हणून त्यांना काटा-पावतीच्या टपरीत बसवलं आणि पगारातला फरक मालकांशी भांडून मंजूर करून घेतला. फरक पूर्ण मिळाला नाही, निम्माच मिळाला.

पुन्हा मोजणी केली तेव्हा रिकाम्या परतीचा आकडा बराच खाली आला होता. तरी ०.५ च्या वरच आहे. गाड्यांना आता जीपीएस आहे, वेगाची मर्यादा आहे, पण ती ओलांडणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, कारण त्याच्याच खेपा जास्त होतात. खेपेऐवजी हजेरीवर भत्ता द्या, असा कागद मी दिलाय. मालक म्हणतात, पावसाळ्यानंतर बघू. ड्रायव्हरांमध्येही यावर दोन तट आहेत. तरण्या पोरांना खेपच हवी.