भूक गेली तेव्हा कळलं

आकडे आधीच सांगून टाकते, कारण भेटलेला प्रत्येकजण पहिलं तेच विचारतो. ऑपरेशनच्या आधी ११८ किलो, सगळ्यात कमी झालं तेव्हा ७३, आता ७७ च्या आसपास. उंची पाच फूट दोन इंच. वजन उतरवायचं ऑपरेशन २०२२ च्या दिवाळीनंतर झालं, जठर कापून लहान करतात, स्लीव्ह म्हणतात ते. पण मला ज्याबद्दल लिहायचंय ते वजनकाट्यावर दिसत नाही. मला भुकेबद्दल लिहायचंय.

जाड माणसाला सगळे सांगतात की तोंडावर ताबा ठेव. मी पण आयुष्यभर तेच ऐकलं, आईकडून, मावशीकडून, ऑफिसात, आणि ज्यांची माझी ओळख पण नाही अशा बायकांकडून ट्रेनमध्ये. आणि मी ताबा ठेवत होते हो! हे कोणाला दिसत नव्हतं. वरण भात भाजी पोळी पोटभर जेवून उठलं की ओटा पुसून होईपर्यंत डोक्यात परत खाण्याचं चालू व्हायचं, पोट तट्ट भरलेलं असताना. संध्याकाळी डोंबिवलीला उतरलं की स्टेशनबाहेर वडापावची गाडी, तिच्यासमोरून घरी जाणं हे रोजचं भांडण होतं स्वतःशी, दहातल्या नऊ वेळा मीच जिंकायचे पण दमून जायचे. माझी मैत्रीण माझ्याच बाजूने चालत असायची, तिला ती गाडी दिसायची पण नाही. मला वाटायचं ती माझ्यापेक्षा निश्चयाची पक्की आहे.

डाएट सगळे करून झाले होते. दिवसातून दोनदाच जेवायचं ते, कीटो, नुसती फळं, सकाळी लिंबूपाणी, जिम, झुंबा. एकदा तर १७ किलो उतरवले होते, सगळ्यांनी कौतुक केलं, मग पुढच्या दीड वर्षात २२ किलो परत आले. तेव्हा सगळे म्हणाले सोडून दिलंस म्हणून झालं. पण मी सोडलं नव्हतं, भूकच एवढी वाढली होती की रात्री दोनला जाग यायची. हे का होतं ते मला सर्जनकडे गेल्यावर पहिल्यांदा कोणीतरी समजावून सांगितलं. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं, भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, ते वाढतं आणि पोट भरल्याचे निरोप देणारी हार्मोन्स कमी होतात. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० लोकांचं वजन कडक डाएटवर उतरवून मग मोजमाप केली होती, तर वर्षभरानंतर सुद्धा त्यांची हार्मोन्स भूक वाढवायच्याच बाजूला होती. ते ऐकून मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये रडले, नवरा बाजूला बसला होता तो गोंधळून गेला.

तोपर्यंत माझी अवस्था अशी होती की HbA1c, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ८.९, शुगरच्या गोळ्या चालू, पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित, कॉलेजपासून, आणि स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे रात्री सीपॅप मशीनचा मास्क लावून झोपायचं. मुलगा लहान होता, तो त्या मास्कला घाबरायचा. बाहेरचं तर विचारूच नका. शेअर रिक्षात मागे तिघं बसतात, मी बसले की तिसरा माणूस रिक्षावाल्याकडे बघायचा, म्हणून मी दोन सीटचे पैसे देऊन टाकायचे. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी कशीबशी टेकते, त्या चौथ्या सीटचं काय असतं ते मध्य रेल्वेने जाणाऱ्यांना सांगायला नको. माझ्या बाकावर चौथी बसायची नाही आणि मग सगळा डबा माझ्याकडे बघायचा, एकदा एका बाईंनी सरळ म्हटलं की तुम्ही उभं राहा ना, म्हणजे दोघी बसतील. गुडघे दुखत असताना मी ठाण्यापर्यंत उभी राहिले. तो राग अजून गेलेला नाही माझा.

ऑपरेशनचं घरात सांगितल्यावर सासूबाई घाबरल्या. त्यांच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट होती, २०१७ मध्ये इजिप्तहून इमान अहमद म्हणून बाईला विमानाने मुंबईत आणून क्रेनने उचलून हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, टीव्हीवर दिवसभर तेच, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती अबू धाबीत वारली. अहो आई म्हणाल्या, ती बाई वाचली नाही आणि तुला कशाला हे. तिची गोष्ट किती वेगळी, ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली, ५०० किलोच्या आसपास वजन, हे त्यांना समजावता समजावता नाकी नऊ आले. शेवटी सासऱ्यांनी सांगितलं की अगं नितीन गडकरींनी पण २०११ ला वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं मुंबईतच, बघ कसे फिरतायत देशभर. त्यावर त्या जरा शांत झाल्या.

पैशाचं पण सांगते कारण ते कोणी नीट सांगत नाही. पूर्वी हे ऑपरेशन मेडिक्लेममध्ये सरसकट नाकारायचे, पण आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये नियम काढले त्याप्रमाणे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत गंभीर आजार असेल (हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया, ताब्यात न येणारा टाइप २ डायबेटिस असे) आणि साधे उपाय करून झाले असतील तर कंपनी फक्त लठ्ठपणाचं ऑपरेशन आहे म्हणून नाही म्हणू शकत नाही. वेटिंग पीरियड वगैरे पॉलिसीप्रमाणे असतोच, तो आधी वाचा. माझा बीएमआय ४७ च्या वर होता म्हणून झालं. माझ्या ओळखीतल्या एकीचा ३६ आहे, गुडघे पार गेलेत, पण गुडघे त्या यादीत नाहीत. डॉक्टरांच्या जगात २०२२ पासून नवीन गाइडलाइन आलीय, त्यात ३५ च्या वर बाकी आजार नसला तरी ऑपरेशन सुचवतात आणि आपल्या आशियाई लोकांसाठी तर आकडे अजून खाली धरतात कारण आपल्याला कमी वजनातच शुगर होते. इन्शुरन्सवाले मात्र जुन्याच आकड्यांवर बसलेत, हे मला फार चुकीचं वाटतं.

आधीचे दोन आठवडे लिक्विड डाएट, लिव्हर लहान व्हावं म्हणून, नाहीतर दुर्बिणीतून काम करायला जागा मिळत नाही. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, डाएटिशियन, सायकॉलॉजिस्ट सगळं झालं. मला ॲसिडिटीचा त्रास नव्हता म्हणून स्लीव्ह चालली, ज्यांना खूप ॲसिडिटी असते त्यांना स्लीव्हने ती वाढू शकते म्हणून बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन, बरा असं सांगितलं होतं, हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना नक्की विचारा. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पोटावर चार-पाच छोटी भोकं, जठराचा पाऊण भाग कापून काढतात, उरलेलं केळ्यासारखं नळीएवढं राहतं. संध्याकाळीच उठवून चालायला लावलं. पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, तो पहिले दोन दिवस पोटापेक्षा जास्त दुखला.

आणि मग ते झालं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी घरी सोफ्यावर बसले होते, सासूबाई आत मासे तळत होत्या, मालवणी घर आमचं, तो वास घरभर. आणि माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. म्हणजे वास छान होता, पण त्याच्यामागून जी ओढ यायची ती नव्हती. मी वाट बघत बसले की आता येईल. आली नाही. जठराचा जो भाग काढतात ना, वरचा फुगीर, घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होतं. माझा स्वभाव बदलला नव्हता, निश्चय वाढला नव्हता, त्या आठवड्यात मी काही थोर झाले नव्हते, एका अवयवाचा भाग कमी झाला आणि जे भांडण मी शाळेपासून रोज करत होते ते बंद पडलं. पुढे ऑफिसला जायला लागल्यावर एकदा घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं की वडापावची गाडी मागे गेली आणि मला दिसली पण नाही. म्हणजे माझ्या मैत्रिणीला कायम असंच वाटत होतं! बाकीच्या सगळ्या लोकांना हे असंच असतं! आणि तेच लोक मला ताबा ठेव म्हणून सांगत होते.

म्हणून कोणी याला शॉर्टकट म्हटलं की माझं डोकं फिरतं. पहिले पंधरा दिवस नारळपाणी, मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, तेही घोट घोट. मग जरा दाटसर पेय, मग मिक्सरमधून काढलेलं वरण, मग मऊ. ज्या सासूबाई एवढ्या घाबरल्या होत्या त्यांनीच वाट्यांवर खुणा करून ठेवल्या होत्या, काटे काढून पापलेटचा कुस्करा करून द्यायच्या, दोन चमच्यांत माझं जेवण संपायचं आणि त्यांना रडू यायचं. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही, नंतर अर्धा तास नाही. उन्हाळ्यात हे किती कठीण आहे ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. रोज ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन पाहिजे आणि पोटात जागा नाही, म्हणून आधी अंडं, मासा, पनीर, मग भाजी, आणि भात उरली जागा तर. बी१२, आयर्न, कॅल्शियम, डी३ आयुष्यभर, त्यातही आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास सोडायचे. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने वेगळी गोळी. चौथ्या महिन्यात केस एवढे गळायला लागले की वेणी निम्मी झाली, डॉक्टर म्हणाले येतील परत आणि आले, पण ते तीन-चार महिने वाईट जातात. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते, ती व्यायामाने जात नाही. माझ्याबरोबर ॲडमिट असलेल्या एका ताईंचा बायपास झाला होता, त्यांनी पुढे श्रीखंड खाल्लं तर घाम, धडधड, चक्कर, तासभर आडव्या पडल्या होत्या. डंपिंग म्हणतात त्याला.

मिळालं ते पण सांगते. HbA1c ५.९, शुगरची एकच गोळी राहिलीय. परत स्लीप स्टडी केली आणि सीपॅप बंद झालं. पाळी महिन्याच्या महिन्याला येते. मुलाबरोबर मी किल्ला चढले, लोहगड, सोपा आहे तो पण मी चढले.

लोकांचं वागणं बदललं त्याचा मात्र आनंद होत नाही मला. ट्रेनमध्ये आता ‘या इकडे बसा’ म्हणतात. ऑफिसात जे मीटिंगमध्ये माझं बोलणं तोडायचे ते ऐकून घेतात, बुद्धी तीच, एक्सेल शीट तीच. दुकानात साड्या दाखवणारा मुलगा हसून बोलतो. हे सगळं मला ११८ किलोवर पण मिळायला पाहिजे होतं, तेव्हा जास्त गरज होती.

गणपतीला आम्ही गावी जातो. पूर्वी पंगतीत माझ्या पानात मोदक वाढताना कोणीतरी हमखास बोलायचं, हिला एकच. आता त्याच काकी म्हणतात अगं अजून एक घे, किती बारीक झालीस, पानात काही दिसतच नाही. मला अर्ध्या मोदकातच बास होतं. गेल्या वर्षी माझ्या चुलत नणंदेची मुलगी बाजूला बसली होती, १९ वर्षांची, अंगाने भरलेली, आणि तिच्या पानाशी आल्यावर तेच वाक्य आलं. मी तिथेच सांगितलं काकींना की तिचे मोजू नका. जरा शांतता झाली, नंतर नवरा म्हणाला पंगतीत बोलायला नको होतं. मी म्हटलं पंगतीतच बोलायला हवं होतं.

आता वजन उतरवायची इंजेक्शनं आलीयत, २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी दोन्ही भारतात मिळायला लागली, आणि मला विचारतात की तू थांबली असतीस तर बरं झालं नसतं का. मला नाही वाटत तसं. ती औषधं बऱ्याच जणांना उपयोगी पडतायत, पण बंद केली की बहुतेकांचं वजन परत येतं, आणि माझी शुगर तेव्हा थांबायच्या अवस्थेत नव्हती. आणि ऑपरेशननंतर पण भूक कायमची जात नाही, हे करायच्या आधी प्रत्येकाने ऐकून घ्या. माझी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी थोडी परत आली, पूर्वीसारखी नाही, पण आहे. ७३ चे ७७ झाले ते चार किलो त्यातलेच. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ओरडा दिला नाही, म्हणाले डायरी घेऊन या, ब्लड टेस्ट करून या. आता येत्या शनिवारची अपॉइंटमेंट आहे, गरज पडली तर औषध जोडू म्हणालेत, आणि मी ते घेईन, कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.