तिसऱ्या गिअरवर अडकलेली गाडी

खंबाटकी घाट कसाबसा चढून एक ऑटोमॅटिक गाडी भर पावसात साताऱ्यात आमच्या गॅरेजला आली. आरपीएमचा काटा कितीही चढवा, तिसरा गिअर सोडायला तयार नाही. चालवणारे सर निवृत्त शिक्षक. पुण्यात एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, 'गिअरबॉक्स गेलाय, नवाच टाकावा लागेल.' आकडा ऐकून बिचारे गाडी विकायच्या विचारात होते. न मोजता असं कुणी सांगितलं की मला मनापासून राग येतो.

स्कॅनर लावला. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पी ०७००. हा कोड एवढंच सांगतो, की गिअरबॉक्सच्या मॉड्यूलकडे, म्हणजे त्याच्या स्वतंत्र कॉम्प्युटरकडे, तक्रार नोंदलीय, तिकडे बघा. साधे स्कॅनर इथेच थांबतात. मॉड्यूलमध्ये शिरल्यावर खरा कोड सापडला: पी ०७१५, टर्बाइन स्पीड सेन्सरचं सर्किट. त्यात सेन्सर आला, कनेक्टर आला, वायरी आल्या आणि मॉड्यूलही आलं.

इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्सकडे येणारा टर्बाइनचा शाफ्ट किती वेगात फिरतोय, ते हा सेन्सर मोजतो. तो आकडा नसेल तर गिअर नीट बसला की घसरतोय हे मॉड्यूलला समजत नाही. मग आतले क्लच जळू नयेत म्हणून ते गाडीला एकाच गिअरवर धरून ठेवतं.

आधी ऑइल पाहिलं. लालसर, जळका वास नाही. मग सरांना शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली आणि गॅरेजमधल्या पोराला स्कॅनरवर नजर ठेवायला सांगितलं. इंजिन १,८०० आरपीएमला, टर्बाइन १,७०० च्या आसपास, आणि खड्डा आला की एकदम शून्य! धावत्या गाडीत तो शाफ्ट असा क्षणात थांबूच शकत नाही. सिग्नल तुटत होता.

सेन्सरच्या पिनांवर मल्टिमीटर धरला, रेझिस्टन्स मॅन्युअलप्रमाणे बरोबर. मग बॅटरी सोडवून तेच माप मॉड्यूलच्या टोकाकडून घेतलं आणि पोराला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत न्यायला सांगितलं. बॅटरी ट्रेपाशी हात गेला की सर्किट ओपन, म्हणजे वायरीचा संपर्कच तुटलेला. ट्रे काढला, तर खाली उंदरांनी कुरतडलेली वायर, तांबं हिरवं पडून दोन-चार तारांवर तगलेलं. पावसाळ्यात इंजिनच्या उबेला उंदीर येतातच.

खराब भाग कापला, नवा तुकडा सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, चढवली. दोन्ही वायरींना मूळचा पीळ परत दिला. तो द्यायचा राहून गेला तर आजूबाजूच्या वायरींचा गोंधळ सिग्नलमध्ये शिरतो. कोड पुसून यवतेश्वरचा घाट चढलो, सगळे गिअर आपापल्या जागी पडले. हायवेला लॉकअप लागल्यावर, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर आतून जखडून इंजिन आणि शाफ्ट एकत्र फिरू लागल्यावर, इंजिन आणि टर्बाइनचे आकडे जुळले.

बिलात वायर आणि मजुरी, बस्स. त्यावरच दुरुस्तीआधीची आणि नंतरची मापं लिहून दिली. म्हटलं, "सर, पुढे कुणी गिअरबॉक्स उतरवायची भाषा केली, तर आधी हा कागद दाखवा."