अंगरख्याच्या कापडासाठी नाशिक, येवला, मालेगाव

नाशकात कापडाच्या दुकानात शिरून "ऐतिहासिक ड्रेस शिवायचाय, कापड दाखवा" असं अजिबात म्हणायचं नाही. म्हटलं रे म्हटलं की समोरचा पोऱ्या वरच्या फळीवरून ब्रोकेडचा ताका धाडकन काढतो, सोनेरी बुट्टे, चकाचक, हात लावला की कळतं सगळं पॉलिस्टर, आणि वर सांगतो ताई शिवजयंतीला हेच जातं. जातं खरं. म्हणून तर दरवर्षी मिरवणुकीत सगळे सरदार एकाच सोफ्याच्या कव्हरात गुंडाळल्यासारखे दिसतात.

यंदा पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी आमच्या ग्रुपने पेशवाईच्या शेवटच्या काळातले कपडे करायचे ठरवले. अंगरखे, बाराबंद्या (बंदांनी बांधायचे आखूड सदरे), बायकांच्या चोळ्या, आणि थोडे मावळ्यांचे पण, कारण लहान पोरांना मावळाच व्हायचं असतं, त्यांना कोण सांगणार की काळ जुळत नाही. शिवणार मी आणि आमचे मास्तर. मास्तर म्हणजे जन्मभर सफारी आणि नेहरू शर्ट शिवलेले आणि आता रिटायर झालेले टेलर, मी त्यांच्या मुलीच्या वयाची आहे तरी मला ताईच म्हणतात. खिशात काडेपेटी कायम. बिडीसाठी नाही हो, दोरा जाळून बघायला.

निघायच्या आधी चित्रं बघून घेतली होती. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार 1790 च्या दशकात पुण्यात होता, त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची चित्रं काढलीत, ती नेटवर सापडतात, मोठी करून बघा. भरजरी अंगरखा वगैरे जे आपल्या डोक्यात बसलंय ते मालिकांनी बसवलेलं आहे. चित्रात बरीचशी माणसं पांढऱ्या तलम कापडात आहेत, आणि रंग, जर वगैरे सगळं पागोट्यात, शेल्यात, कमरेच्या पटक्यात. म्हणजे आपला मुख्य खर्च पांढऱ्या सुती कापडावर, हे मास्तरांना एकदम पटलं. पॉलिस्टर ब्रोकेडवर शिलाई मारताना सुई घसरते म्हणून त्यांचा त्यावर आधीपासून राग होताच.

सुरुवात अर्थातच मेन रोडवरून. गाडी घेऊन जाऊ नका, रविवार कारंजाच्या अलीकडेच कुठेतरी लावा आणि चालत जा, नाहीतर कापड बघायच्या आधीच डोकं फिरतं. तिथे आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत ब्लाऊजपीस, अस्तर, लेस, बटणं सगळं मिळतं. आम्ही मलमल मागितली की मलमल म्हणून काय काय दाखवतात विचारू नका, एका दुकानात तर चक्क जॉर्जेटसारखं काहीतरी. मास्तर शांतपणे कडेचा एक दोरा ओढून घ्यायचे, दुकानाबाहेर जाऊन जाळायचे आणि परत येऊन नुसती मान हलवायचे. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते, रेशीम असेल तर केस जळल्याचा वास आणि चुरडली जाणारी काळी राख, आणि पॉलिस्टर वितळून टोकाला टणक मणी होतो. दुकानदाराशी वाद घालत बसण्यापेक्षा हे बरं. मेन रोडवरून शेवटी घेतलं काय तर अस्तरासाठी केंब्रिक आणि चोळ्यांसाठी खणाचे तुकडे. खण बघताना सुती-रेशमी असा स्पष्ट विचारा, कारण खणाच्या डिझाईनचं प्रिंट मारलेलं कापड पण खण म्हणूनच विकतात.

रंगाचं एक सांगते. पर्किन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला कृत्रिम रंग 1856 ला बनवला, जांभळा. त्याच्या आधीचं सगळं मंजिष्ठा, हळद, नीळ, लाख असल्या गोष्टींतून यायचं. त्यामुळे तो झगमगता राणी कलर आणि ती निऑन हिरवी शेड दुकानात कितीही गोड वाटली तरी सोडून द्या, डाळिंबी घ्या, अंजिरी घ्या, मातकट पिवळा घ्या. ग्रुपमधल्या दोघीतिघींनी तोंडं वाकडी केली. असो.

खरी मजा नदीपलीकडे आली. आमची मलमलीची शोधाशोध चालू असताना मास्तर म्हणाले, "ताई, आपण उगाच हिंडतोय. बारीक सुती कापड आता कोण वापरतं? भटजी वापरतात. चला पंचवटीत." आणि हे मला इतकी वर्षं नाशकात राहून सुचलं नव्हतं. रामकुंडाच्या आसपास पूजेच्या सामानाबरोबर धोतरं, उपरणी, पंचे, सोवळी मिळतात, रोज विधी चालतात तिथे त्यामुळे गिऱ्हाईक बारा महिने. (आत्ता 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, त्यामुळे कुठला रस्ता कधी उकरलेला असेल सांगता येत नाही, पायीच बरं.) तिथे चांगलं बारीक सुताचं धोतर मागायचं. काउंट विचारा, आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक, ऐंशी-शंभरच्या पुढचं मिळालं तर सोडू नका. एका धोतरात चार मीटरच्या वर कापड, पन्हा म्हणजे रुंदी मोठी, अंगाला मऊ, आणि वर कडेला काठ फुकट! तो काठ अंगरख्याच्या घेराला खाली घेतला की असा काही दिसतो की वेगळी लेस लावायची गरजच नाही. तेवढं नक्षीकाम, रुद्राक्षाचं प्रिंट वगैरे असलेली उपरणी टाळा, साधी घ्या.

तिथेच रेशमी सोवळी बघितली. बिनचकाकीचं, थोडं खरखरीत, लोण्याच्या रंगाचं रेशीम, मुकटा म्हणून विचारलं तर जुन्या दुकानदाराला लगेच कळतं. आजकाल सोवळं म्हणून आर्ट सिल्क, म्हणजे नकली रेशीम पण ठेवतात, त्याला काडेपेटी आहेच. एक मुकटा घेतला, त्यातून एका माणसाचा पटका आणि दुसऱ्याचं बाराबंदीचं कापड निघालं. तेव्हा माझ्या डोक्यात बसलं की जुन्या वेषाचं कापड फॅन्सी दुकानात नसतं, ते जिथे जुना वापर अजून चालू आहे तिथे असतं. मग पुढचं सगळं सोपं झालं. मावळ्यांसाठी खादी भांडार, कारण हातकताईच्या सुतातली ती जाडीबारीक गाठ मशीनच्या कापडात येत नाही आणि 2 ऑक्टोबरनंतर सूट पण असते, आणि पाठीवर टाकायला घरातली घोंगडी. मखमल हवी होती थोडी, तर ड्रेस मटेरियलवाल्यांकडे न जाता पडदेवाल्याकडे गेलो. ड्रेसची वेलवेट लाईटखाली आरशासारखी चमकते, पडद्याची सुती मखमल मंद असते, जड असते, आणि फोटोत शंभर पटीने खरी दिसते. महाग आहे, पण म्यानाला आणि जोड्यांना लावायला अर्धा मीटर पुरते.

जरीच्या काठांसाठी मीटरवरची लेस मला लावायचीच नव्हती. आमच्याकडे अजून एक बोहारीण येते, भांड्यांवर जुने कपडे घेणारी, तिला सांगून ठेवलं की काठाच्या जुन्या साड्या आल्या तर आधी मला दाखव. आल्या. अंग विरलेलं पण काठ शाबूत. यात एक गोम आहे, खऱ्या चांदीच्या जरीच्या साड्या तिच्यापर्यंत सहसा पोचतच नाहीत, त्या जाळून चांदी काढणारे लोक असतात, ते आधीच नेतात. मिळते ती टेस्टेड जर, म्हणजे आत तांबं, पण काळवंडलेली असल्याने उलट छान जुनी दिसते.

आता येवला. नाशिकहून निफाड, विंचूर करत गेलं की ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. निफाडला दोन्ही बाजूंना द्राक्षं, विंचूरला चहा. विंचूर म्हणजे विंचूरकरांचं गाव, विठ्ठल शिवदेव, पानिपतावर होते ते, आणि आपण पेशवाईचेच अंगरखे शिवायला निघालोय म्हटल्यावर मास्तरांनी उगाचच चहावाल्याला दहा रुपये जास्त दिले. येवल्यात शिरलं की रस्त्याला मोठमोठे पैठणीचे शोरूम लागतात. तिथे एसीत बसून बघायला हरकत नाही, पण आपल्याला अख्खी साडी नकोच आहे ना, त्यामुळे आत गावात जा. गल्लीतून चालताना घराघरातून मागाचा खट् खट् आवाज येतो, दार उघडं असतं, विचारलं की बसायला सांगतात.

आम्ही जिथे बसलो त्या घरात नवराबायको दोघंही विणतात. ताई पदरावर होत्या. पदराचा मोर म्हणजे प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, ती हाताने आडव्या धाग्यात फिरवायची, एक रंग संपला की दुसऱ्यात अडकवायचा, बघूनच माझी मान दुखली. त्यांनी साडी उलटी करून दाखवली. हातमागाची पैठणी मागून पण पुढूनसारखीच दिसते, कारण धागा त्या नक्षीपुरताच फिरतो आणि तिथेच वळतो. यंत्रमागाच्या सेमी पैठणीला मागे मोकळे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. हे एकदा डोळ्याने बघितलं की कुणी फसवू शकत नाही, आणि खऱ्या रेशमाचं सिल्क मार्क लेबल असेल तर अजून बरं.

मी विचारलं, पेशवाईतल्यासारखं काही? तर त्या म्हणाल्या, "मग मोर कशाला, आसवली घ्या." वेलीवर फुलं अशी ती नक्षी, पेशवाईत चालायची ती. आणि खरी कामाची गोष्ट म्हणजे विणकरांकडे साडीशिवाय पण बरंच काही असतं. शेले, दुपट्टे, ब्लाऊजपीस, मीटरवरचं बुट्टीचं रेशीम, सुरुवातीला नमुना म्हणून विणलेला हात-दीड हात काठ. येवला पूर्वीपासून पितांबरांचं गाव, त्यामुळे साधं काठाचं रेशीम मागितलं तर त्यांना नवल वाटत नाही. हवं तसं विणून पण देतात पण महिना-दोन महिने आधी सांगा, पाडव्याच्या आठ दिवस आधी जाऊन हट्ट करू नका. आम्ही एक शेला घेतला, दोन काठाचे तुकडे, आणि भाव केला नाही. मास्तर म्हणाले शिलाईत कुणी माझ्याशी भाव केला की मला कसं वाटतं ते माहितीय मला.

तात्या टोपे येवल्याचे, 1814 चा जन्म, हे मास्तरांना माहीत नव्हतं. मग परत गाडीत बसेपर्यंत तात्यांचा अंगरखा कसला असेल यावर चर्चा.

येवल्याहून मनमाड आणि तिथून मालेगाव. आता मालेगावला कशाला असं ग्रुपवर सगळ्यांनी विचारलं होतं, तिथे काय जुनं मिळणार, सगळा पॉवरलूम. तर कोऱ्या कापडासाठी. धुलाई, ब्लीच, रंग काही न झालेलं, मागावरून उतरलेलं कोरं सुती कापड, त्याला तिथे ग्रे म्हणतात. तयार पांढरं कापड ट्यूबलाईटसारखं निळसर पांढरं असतं, कोऱ्याचा रंग पिवळट, तो उन्हात जास्त खरा वाटतो. 1857 नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर इथे स्थायिक झाले आणि मग माग वाढत गेले, आता गल्लीतून चाललं तर मागांच्या आवाजात शेजारच्याशी बोलता येत नाही, मास्तर आणि मी खाणाखुणांवर होतो. आजकाल पॉलिस्टर मिक्स फार, त्यामुळे काडेपेटी काढाच. आणि शुक्रवारी जाऊ नका, माग बंद असतात.

बहुतेक व्यवहार ताक्यांचा असतो, दोन-चार मीटर मागितलं तर हसतात, पण कटपीसवाले असतात त्यांच्याकडे किलोवर मिळून जातं. आम्ही बाराबंद्यांपुरतं घेतलं. कोरं कापड तसंच कापू नका! त्यात खळ असते, रात्रभर पाण्यात भिजवायचं, दोनदा धुवायचं, मीटरला पाच ते दहा सेंटीमीटर आटतं. मग आटलेल्या मापावर कापायचं.

कापण्याचं पण सांगते, कारण कापड किती घ्यायचं ते त्यावर ठरतं. जुन्या हातमागाचा पन्हा अरुंद असायचा म्हणून अंगरख्याला कळ्या, म्हणजे वर निमुळत्या पट्ट्या, जोडून घेर यायचा, बगलेत वेगळा तुकडा घालायचे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुने कपडे काचेमागे आहेत, तिथे बारकाईने बघा. आपण अठ्ठावन्न इंची पन्ह्यातून एका तुकड्यात घेर काढला तर तो गाऊन दिसतो. म्हणून रुंद कापड घेतलं तरी मास्तरांनी ते मुद्दाम फाडून अरुंद पट्ट्या केल्या आणि कळ्या जोडल्या, आणि बंद पण त्याच कापडाचे, सॅटिनच्या रिबिनी नाहीत. अंगरख्याला घेरानुसार पाच ते सात मीटर धरा, बाराबंदीला अडीच-तीन पुरतं.

पागोट्याचं तलम कापड मात्र मनासारखं अजून मिळायचंय. चंदेरी घेऊ का माहेश्वरी यावर मास्तरांचं आणि माझं जमत नाहीये. त्यांचं म्हणणं चंदेरी बांधताना फुगते. कुणी दोन्ही बांधून बघितलं असेल तर खाली लिहा, पण सेमी चंदेरी नको, तिला आम्ही काडी लावून झालीये.