गडद फोटोतलं आकाश, उजळ फोटोतली जमीन

मावळतीचं आकाश आणि सावलीतला डोंगर एकाच फोटोत धरायला गेलं की कॅमेरा दोघांपैकी एकालाच न्याय देतो. ही अडचण जुनीच आहे. १८५०च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून एक चित्र छापत असे. मीही तेच करतो, फक्त कॉम्प्युटरवर फोटोंचे थर, म्हणजे लेयर, एकमेकांवर लावून.

तळं, मागे डोंगर, काठावर एकच झाड, अशी ही चौकट होती. ट्रायपॉडवरून तीन फोटो घेतले: एक मध्यम, एक दोन स्टॉप गडद, एक दोन स्टॉप उजळ. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो, म्हणजे दोन टोकांत १६ पटींचा फरक. फोकस, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) तेच ठेवून फक्त शटर स्पीड बदलला. अ‍ॅपर्चर हललं की डेप्थ ऑफ फील्डही, म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट दिसतं तेही, बदलते आणि फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत.

सॉफ्टवेअर एका बटणावर फोटो जोडून देतं. पण त्यातून निघालेल्या पहिल्या प्रतीत डोंगराच्या कडेला पांढुरकी झालर आली होती आणि सगळं सारखंच उजळ, सपाट दिसत होतं. सावलीला सावली राहू द्यायला हवी, या बाबतीत मी हट्टी आहे. म्हणून हातानं मास्क, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसावा आणि कुठला झाकावा हे ठरवणारा पडदा, करायला घेतला.

डोंगराची रेघ पटकन जमली. वेळ खाल्ला तो झाडानं. उजळ फोटोत मागच्या आकाशाचा उजेड बारीक फांद्यांवर सांडतो आणि त्यांची टोकं चक्क नाहीशी होतात. गडद फोटोत तीच टोकं शाबूत असतात. ब्रशनं एकेक फांदी रंगवणं अशक्यच. तिथं ल्युमिनॉसिटी मास्क कामी आला. तो फोटोतल्या उजेडावरूनच तयार होतो, त्यामुळे पानापानांतली फट त्याला आपोआप सापडते. वाऱ्यानं शेंड्याची पानं तिन्ही फोटोंत वेगवेगळ्या जागी गेली होती. तेवढा भाग मी एकट्या गडद फोटोतूनच घेतला आणि त्याच्या रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न झालेल्या फाइलमधून, सावल्या थोड्या उचलल्या.

मग पाणी. प्रतिबिंब वरच्या आकाशापेक्षा किंचित गडदच असतं, पण माझ्या जोडकामात तळं जास्त उजळ झालं होतं. नेमकं काय खटकतंय हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं नक्की. तळ्यावरच्या उजळ लेयरची अपारदर्शकता कमी करत गेलो, तेव्हा पाणी जागेवर आलं.

हे सगळं १६ बिटमध्येच, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक पायऱ्या ठेवून केलं. आकाशाच्या हलक्या रंगछटांत ८ बिटवर काम केलं की पट्टे उमटू लागतात, म्हणून ८ बिटची प्रत अगदी शेवटी काढली.